मिरकरवाड्यातली जपानी

हातखंबा

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या गाडीनं मला पहाटे हातखंब्याच्या तिठ्यावर उतरवलं. तिथून रत्नागिरी शहरात जायला लाल गाडी मिळते. गाडीत बसलेल्यांपैकी निम्मे लोक कोर्टाच्या कामाला निघालेले होते. पांढरी टोपी, कापडी पिशवी आणि पिशवीत जमिनीचे कागद, एवढ्यावरून ते ओळखू येत होते.

कंडक्टर नवा होता, सांगलीकडून बदलून आलेला. त्यानं पहिल्याच टोपीवाल्याला विचारलं, "कुठं?"

 टोपीवाल्यानं त्याच्या हातावर सुटे पैसे ठेवले आणि म्हणाला, "रोजचं."

"रोजचं म्हंजे कुठलं आजोबा? गाव सांगा की."

"अरे मेल्या, कोर्टात निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारलंस? आता निकाल काय लागायचा?"

आजोबा उठले, खाली उतरले, टपरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायले आणि पुन्हा येऊन बसले. तोपर्यंत गाडी उभी होती. कुणी घड्याळ पाहिलं नाही, कुणी कुरकुरलं नाही. शेजारच्या गृहस्थांनी मला समजावलं, "निघालेल्याला कुठे विचारू नये. विचारलंन कुणी, तर थोडं बसावं, पाणी प्यावं नि मग निघावं. म्हणजे झालं." मुंबईत माणूस घराबाहेर पडला की सगळी आळी त्याला कुठे म्हणून विचारते आणि उत्तर न ऐकता पुढे जाते. इथे उत्तराची भीती नव्हती, प्रश्नाचीच होती.

ही नोंद मी प्रवासातली गंमत म्हणून केली. रत्नागिरीत मला ज्या बातमीसाठी पाठवलं होतं, ती याच गोष्टीपाशी येऊन अडणार आहे, याची कल्पना नव्हती.

बातमी अशी होती. मिरकरवाडा बंदरातली कोळंबी एक जपानी व्यापारी विकत घेणार होता. त्याचा माणूस बंदर पाहायला येणार होता, आणि त्याच्या स्वागतासाठी तिथले लोक पावसाळाभर जपानी शिकत होते. संपादकांनी मथळाही ठरवून ठेवला होता: 'कोकणी माणसाची जपानी झेप'. झेप कुठून कुठे, ते मी पाहून यायचं होतं.

मिरकरवाडा

वर्ग जाळी ठेवायच्या पडवीत भरत होता. पावसाळ्यात लाँची किनाऱ्याला ओढलेल्या असतात. खलाशी जाळी दुरुस्त करत बसतात. पडवीच्या एका बाजूला ते जाळी विणत आणि दुसऱ्या बाजूला फळ्यासमोर विद्यार्थी जपानी घोकत. आता मासेमारी सुरू झाली होती तरी सोय तीच होती.

शिकवायला लिमये सर होते. शाळेतून निवृत्त झालेले संस्कृतचे शिक्षक. जावयानं कुठूनशी आणून दिलेली एक पुस्तिका त्यांनी मुखोद्गत केली होती. जपानी माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"मग उच्चार?" मी विचारलं.

"पाठांतर माझं," सर म्हणाले. "उच्चार त्यांचे त्यांनी बघावेत. आपण कुणाकडचे?"

मी कुणाकडचा, आजोळ कुठलं, मुंबईत कोण कोण, हे सांगून झाल्यावर पाठ पुढे सुरू झाला. सरांची पद्धत सोपी होती. जपानीलाही मराठीसारखेच शब्दाच्या मागून प्रत्यय लागतात, तेव्हा ती भाषा आपल्याच घरातली आहे, फक्त लांब जाऊन बिघडली आहे, असं त्यांचं मत होतं. फळ्यावर त्यांनी विभक्तीचा तक्ताच काढला होता. 'ए' म्हणजे एखाद्या ठिकाणाकडे. 'कारा' म्हणजे पासून. 'मादे' म्हणजे पर्यंत. वेळ सांगायची तर 'नि'.

"रोकुजि नि. सहा वाजता. गाडी सहा वाजता सुटते."

"कुठली गाडी ओ सर?" मागून कुणीतरी विचारलं.

"जपानमधली."

"हां, मग सुटत असेल."

त्यानंतर सर अवघड भागाकडे वळले. मराठीत 'बंदरावर' म्हटलं की झालं. जपानीत तसं नाही. लाँच बंदरावर नुसती आहे, तर 'नि'. बंदरावर काही चाललं आहे, भांडण म्हणा, लिलाव म्हणा, तर 'दे'. "नुसतं असणं वेगळं आणि काही करणं वेगळं," सर म्हणाले. "कचेरीत माणूस आहे, 'नि'. कचेरीत माणूस काम करतो आहे, 'दे'. या दुसऱ्याचं एक उदाहरण सांगा पाहू."

वर्ग विचारात पडला. बराच वेळ गेल्यावर सरांनी कचेरी सोडली आणि स्वयंपाकघर घेतलं.

वर्गात दोनच विद्यार्थी महत्त्वाचे होते, कारण जागा एकच होती. व्यापाऱ्याला बंदरावर एक पगारी माणूस हवा होता. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लाँचला त्यानं विचारायचं की तुम्ही कुठे चाललात, कधीपर्यंत परत याल, आणि मुंबईतल्या जपानी साहेबाला फोनवर ते जपानीतून कळवायचं, म्हणजे कोळंबीचे ट्रक त्या बेतानं येतील. ही माहिती मला भाऊशेठ यांनी दिली. भाऊशेठ स्वागत समितीचे अध्यक्ष. शहरात ज्या ज्या समितीला अध्यक्ष लागतो तिचे तेच अध्यक्ष असतात.

"आणि तांडेल सांगतील कुठे चालले ते?" मी विचारलं. तांडेल म्हणजे लाँचचा प्रमुख. हातखंब्याचे आजोबा माझ्या डोळ्यांसमोर होते.

"न सांगायला काय झालं? जपानीतून विचारणार आहोत," भाऊशेठ म्हणाले. "आमचा प्रमोद आहे ना."

प्रमोद हा भाऊशेठांचा भाचा. आवाज खणखणीत, पाठांतर उत्तम. 'दोको ए इकिमास का', म्हणजे 'कुठे चाललात', हे वाक्य तो असं म्हणे की शेजारच्या आळीत लोक दाराबाहेर येत. नोकरीसाठी त्यानं पँटही शिवून घेतली होती.

दुसरी विमल. गणपत तांडेलाची मुलगी, बारावी पास. सकाळी कोळंबी सोलायच्या शेडमध्ये आणि दुपारी वर्गात. वर्ग सुटल्यावर तिला विचारलं, जपानीच का शिकतेस? तिनं उत्तराऐवजी हात पुढे केले. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती आणि त्यांवर बारीक भोकं होती.

"बर्फातली कोळंबी सोलून असं होतं. काटे जातात. आमच्या मावशीला आता सुईत दोरा ओवता येत नाही. मला अजून पेन धरता येतं, तोवर दुसरं काम मिळायला हवं ना?"

"मग मिळेल की. सर म्हणतात तुला 'नि' आणि 'दे' सगळ्यांत चांगलं कळतं."

"ते म्हणतात. पण 'ए'मध्ये शून्य दिलंय."

शून्याचं कारण दुसऱ्या दिवशीच्या तोंडी परीक्षेत दिसलं. सरांनी तिला 'दोको ए इकिमास का' म्हणायला सांगितलं. विमल उभी राहिली आणि दाराबाहेर बघू लागली.

"म्हण गो बाय. नुसतं वाक्य आहे."

"सर, बाहेर लाँची निघतायत. समोरून बाबा चाललेत."

"भाषेत अपशकुन नसतो."

"तुम्हाला नसेल सर. तुम्ही कुठे समुद्रावर जाता?"

जाळी विणणाऱ्यांच्या बाजूनं हशा आला. सरांनी शून्यावर पुन्हा एकदा खडू फिरवला. प्रमोदनं तेच वाक्य म्हणून दाखवलं. त्या वेळी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती आणि आली नाही. वाक्य कानी पडताच जाळी विणणारे सगळे हात एकदम थांबले होते.

पाहुणे

हारादासान नावाचे ते पाहुणे ठरल्याप्रमाणे मोटारीनं आले. त्यांच्याबरोबर मुंबईचा दुभाषाही आला, पण कशेडी घाटाच्या वळणांनी त्याची अशी अवस्था केली होती की त्याला धरून उतरवावं लागलं. विश्रामगृहात ओल्या पंचाखाली तो जो आडवा झाला, तो मुक्काम संपेपर्यंत तसाच होता. "आता जपानी बोलणारे आपणच," असं भाऊशेठांनी समितीला सांगितलं. समितीतल्या कुणाला आनंद झाल्याचं दिसलं नाही.

जेवणाचा प्रश्न आधीच चर्चेला आला होता. जपानी लोक कच्चा मासा खातात, असं एका सभासदानं कुठेतरी वाचलं होतं. तेव्हा सुरमई तळावी की तशीच वाढावी, यावर समितीच्या दोन बैठका झाल्या. निर्णय खानावळीच्या मालकीणबाईंनी दिला. "माझ्या घरात कच्चा मासा मांजराला पण वाढत नाही. पाहुण्याला वाढू?" हारादासान तळलेली सुरमई आणि भात मन लावून जेवले. सोलकढीची वाटी त्यांनी आधी संशयानं हुंगली, मग संपवली आणि मग पुढे केली. समितीच्या इतिवृत्तात याची नोंद 'जपानी पद्धतीचे भोजन' अशी झाली.

जेवताना संभाषण व्हावं अशी अपेक्षा होती. लिमये सर पाहुण्यांच्या समोरच बसले होते. त्यांनी संपूर्ण विभक्तीचा तक्ता म्हणून दाखवला. पाहुण्यांनी बोटं जुळवून मान लववली आणि ते काहीतरी लांबलचक बोलले.

"काय म्हणतात?" भाऊशेठांनी विचारलं.

"'नि' दोनदा वापरला," सर म्हणाले. "दोन्हीदा बरोबर."

धक्का

सकाळी बंदराच्या धक्क्यावर मांडव, गालिचा, हार, टेबल आणि भोंगा अशी तयारी होती. कार्यक्रम भाऊशेठांनीच आखला होता. लाँची पताका लावून ओळीनं बाहेर पडतील. प्रमोद भोंग्यावरून जपानीत विचारेल, तांडेल हात हलवतील, आणि कारभार किती शिस्तीचा आहे हे पाहुण्यांना दिसेल. त्यानंतर नेमणूक जाहीर होईल. कोणाची, हे हारवाल्यालाही माहीत होतं. त्यानं मोठा हार प्रमोदच्या मापाचा केला होता.

विमल खांबाला टेकून उभी होती. शेडमधून तशीच आली होती, ओच्याला बर्फाचं पाणी लागलेलं. भाऊशेठांनी तिला सांगितलं, "तू मागे थांब हां पोरी. फोटोत येशील."

पहिली लाँच गणपत तांडेलाची होती. इंजिन सुरू झालं, नारळ फुटला, लाँच धक्क्यापासून सुटली. प्रमोदनं भोंगा तोंडाला लावला आणि साऱ्या बंदराला ऐकू जाईल असं विचारलं,

"दोको ए इकिमास का?"

इंजिन बंद झालं. गणपत तांडेलानं सुकाणूवरून मान वळवून भाच्याकडे पाहिलं, मग मामाकडे. लाँच हळूहळू धक्क्याला परत लागली. तांडेल उतरला, मांडवातल्या गालिच्यावर, पाहुण्यांच्या खुर्चीशेजारी मांडी घालून बसला आणि म्हणाला, "पाणी आणा."

त्याच्यामागून खलाशी उतरले. आणि भोंग्याचा आवाज सगळीकडे गेलेला असल्यामुळे मागच्या लाँचीही एकेक करून वळल्या. थोड्या वेळात सगळा ताफा धक्क्याला होता आणि सगळा मिरकरवाडा गालिच्यावर बसून पाणी मागत होता.

मला परीक्षेच्या वेळी थांबलेले हात आठवले. पावसाळाभर हे लोक पडवीत जाळी विणत बसले होते आणि शेजारी वर्ग घोकत होता. शिकणाऱ्यांपेक्षा न शिकणाऱ्यांची जपानी पक्की झाली होती. त्यातलं हे वाक्य तर त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखून ठेवलं होतं, विंचू कुठे बसतो ते माणूस ओळखून ठेवतो तसं.

"अरे गणपत," भाऊशेठ दबक्या आवाजात म्हणाले, "काय मेल्या लाज काढतोस? जपानीचा कधी अपशकुन लागतो का?"

"समुद्र तोच आहे ना?"

"पोरगं आहे ते. चुकून विचारलंन."

"मराठीत विचारलंन असतं तर म्हटलं असतं चुकून. एवढा पावसाळाभर पाठ करून विचारलंन. ठरवूनच विचारलंन की."

 भाऊशेठ पाहुण्यांकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले की ही लाँची सुखरूप परत येण्याची रंगीत तालीम होती. हारादासानना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. लाँचींकडे पाहिलं, बसलेल्या माणसांकडे पाहिलं आणि प्रमोदला काहीतरी विचारलं. चेहऱ्यावरून तो 'हे काय झालं' असाच प्रश्न होता.

 भोंगा प्रमोदनं अजून सोडला नव्हता. पाठ असलेलं पुढचं वाक्य त्यानं भोंग्यातूनच म्हटलं. म्हणजे 'पुस्तक टेबलावर आहे'.

हारादासाननी वळून टेबलाकडे पाहिलं. टेबलावर हार होते. पुस्तक नव्हतं. त्यांनी हार उचलून खालीही पाहिलं.

त्यांनी हातातली फाइल मिटली. तो आवाज धक्क्यावर सगळ्यांना कळला. लाँची वेळेवर निघत नसतील तर ट्रक येणार नाहीत, ट्रक नाहीत तर खरेदी नाही, खरेदी नाही तर नोकरीही नाही. विमल खांबापासून पुढे आली. भाऊशेठांनी तिला मागे जाण्याची खूण केली, ती तिनं पाहिली नाही. पाहुण्यांसमोर उभं राहून तिनं समुद्राकडे हात केला.

"उमि ए," ती म्हणाली. समुद्राकडे. मग दोन्ही हात ओठांवर ठेवून मान हलवली. "किकिमासेन." विचारत नाही.

मग हात समुद्राकडून धक्क्याकडे आणला. "उमि कारा." समुद्राकडून. आणि हसून मान डोलावली. "किकिमास." विचारतो.

वाक्य पुरं नव्हतं. लिमये सरांनी नंतर त्यातल्या चुका मला मोजून दाखवल्या. पण जाणाऱ्याला विचारायचं नाही आणि येणाऱ्याला विचारायचं, एवढी गोष्ट त्यात बसली. हारादासाननी बसलेल्या तांडेलाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं आणि हळूच ओठांवर बोट ठेवलं. गणपत तांडेलानं मान हलवली. दोघांचं जमलं.

पण पाहुणे व्यापारी होते. त्यांनी लाँचीकडे बोट केलं आणि विचारलं, "इत्सु मादे?" कधीपर्यंत? न विचारता ट्रक कसे बोलवायचे, हा प्रश्न खरा होता.

विमलनं त्यांना हातानं बोलावलं, बापाच्या लाँचवर चढली आणि बर्फाच्या खणाचं झाकण उघडलं. "कोओरि," ती म्हणाली. बर्फ. खण जेमतेम तळ झाकेल इतकाच भरला होता. तिनं पलीकडच्या लाँचच्या खणाचंही झाकण उघडलं. तो काठापर्यंत भरलेला होता, वर भाताचं पोतं आणि पाण्याचं पिंप. पहिल्याकडे बोट करून तिनं म्हटलं, "आशिता मादे." उद्यापर्यंत. दुसऱ्याकडे बोट केलं आणि हात लांब, लांब नेला.

बंदरावर हे पोरासोरांना माहीत असतं. तांडेल बोलत नाही, पण तो किती बर्फ भरतो हे सगळे बघतात, आणि तोही कुणी बघतंय म्हणून झाकण घाईनं लावत नाही. समितीतही हे सगळ्यांना माहीत होतं. बैठकीत कुणी बोललं नाही, कारण कार्यक्रमपत्रिकेत जपानी हा विषय होता, बर्फ हा नव्हता.

हारादासान खणात वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग सरळ झाले, फाइल उघडली आणि विमलकडे बोट करून विचारलं, "इत्सु कारा?" कधीपासून?

विमलला ते कळलं होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.  पांढरी पडलेली बोटं तिनं ओच्यात लपवली होती.

उत्तर गालिच्यावरून आलं. गणपत तांडेल पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाला,

"आशिता कारा." उद्यापासून.

भाऊशेठांनी ताबडतोब टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आभारप्रदर्शन झालं. तांडेलानं तोंड पुसलं, खलाशांना हाक मारली आणि लाँची निघाल्या. या वेळी धक्क्यावर कुणीही बोललं नाही. हारादासाननी धक्क्यावर उतरता उतरता प्रमोदच्या हातातला भोंगा काढून घेतला होता.

परतीची गाडी

मुंबईला निघण्याआधी मी सकाळी पुन्हा धक्क्यावर गेलो. विमलची नोकरी सुरू झाली होती. लाँची सुटत होत्या आणि ती एका बाजूला उभी राहून खणांकडे बघत होती. बापाची लाँच समोरून गेली. त्यानं काही सांगितलं नाही, तिनं काही विचारलं नाही. लाँच खाडीच्या तोंडाशी पोचल्यावर ती फोनकडे निघाली. माझ्या खांद्यावरची बॅग पाहून थांबली, "बरं आहे ना?" म्हणाली आणि गेली.

एसटी स्टँडवर लिमये सर मला निरोप द्यायला आले होते. बातमीत निकाल छापावा अशी त्यांची इच्छा होती. प्रमोद पहिला आला होता. प्रमाणपत्र भाऊशेठांच्याच हस्ते दिलं होतं आणि मोठा हारही वाया गेला नव्हता.

"आणि विमल?"

"नापास."

"सर, तिला नोकरी लागली."

"नोकरी लागली हे वेगळं. 'कारा' उत्तम, 'मादे' उत्तम. पण तिनं 'दोको ए' म्हटलेलं नाही. न म्हटलेल्याला गुण कसे देऊ? आणि शेवटचं उत्तरही तिचं नाही, तिच्या बापाचं आहे. त्याला मात्र मी बसू दिलं असतं परीक्षेला. 'कारा' काय स्वच्छ म्हटलंन!"

मी विचारलं, पुढच्या पावसाळ्यात वर्ग असेल का? असेल, सर म्हणाले. फक्त फळा जाळीवाल्यांकडे पाठ करून लावायचा आहे. आणि 'ए' शिकवताना दार लावून घ्यायचं आहे. भाषेत अपशकुन नसतो, हे त्यांनी मला पुन्हा एकदा ठासून सांगितलं. ज्याला व्याकरण येतं त्यानं असल्या गोष्टी मानू नयेत.

गाडी लागली. मी बॅग उचलून पायरीवर पाय ठेवला. सरांनी बॅगेकडे पाहिलं. काहीतरी विचारण्यासाठी तोंड उघडलं, मिटलं, एकदा मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि म्हणाले,

"पाणी प्यालात ना?"